आईला दिवे मोजायला लावणाऱ्या वायरमनदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गुहागरच्या आमच्या घरी इंटरनेटचा वेग ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ वरच का अडतो, ते तुम्ही शोधून दिलंत आणि केबल बदललीत. बिलात तुम्ही ३५ मीटर केबल लावलीत, दोन आय-ओ बॉक्स (केबलचं टोक बसवायचे भिंतीवरचे डबे), पाइप आणि क्लिपा लावल्यात. केबल तपासायच्या टेस्टरचा दिव्यांचा छोटा तुकडा आईच्या हातात देऊन "काकी, दिवे मोजा आणि मोठ्यानं सांगा" म्हणालात, त्याचे मात्र काहीच लावले नाहीत. म्हणून ते इथे, चारचौघांत लिहितोय.

फोन चालू होता, त्यामुळे गुहागरातलं ते मोजणं पुण्यात ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार असं करत आठपर्यंत. केबलमध्ये तारा आठ, एकेकीचा एकेक दिवा. सगळे दिवे पेटले. तुमच्या आधी येऊन गेलेले साहेब इथेच थांबले होते: आठ पेटले, केबल ओके, इथे सही करा. तुम्ही बाहेर पागोळीखाली गेलात, केबलच्या जोडापाशी हात घातलात, ती हळूहळू हलवत राहिलात आणि म्हणालात, मोजत राहा. काही फेऱ्या नीट गेल्या. मग आईचा आवाज चढला. "तीन... पाच! अहो, चार खाल्लान त्याने!"

तिला त्याआधी तक्रारीच्या फोनवर विचारलं गेलं होतं, "घरात दुसरं कुणी जाणकार आहे का, त्यांना फोन द्या." आणि बिघाडाचा नंबर शेवटी तिनेच सांगितला.

हे नुसतं मन राखण्यासाठी नव्हतं, हे कामाची जाण असलेल्याला लगेच कळेल. तो स्वस्तातला टेस्टर एकेका तारेतून बॅटरीचा करंट सोडतो आणि तार सलग आहे की नाही एवढंच सांगतो. केबल स्थिर असताना अर्धवट टेकलेली तारही दिवा पेटवते. हलवली तरच खरं काय ते बाहेर येतं. पण हलवणारा एका टोकाला आणि दिवे दुसऱ्या टोकाला, मध्ये जांभ्याच्या जाड भिंती. दुसरा माणूस लागतोच. (आठ तारा पिळलेल्या चार जोड्यांत असतात. त्या जोड्या चुकीच्या फोडून क्रिम्पिंग केलं, म्हणजे प्लग दाबून बसवला असेल, तरीही हा टेस्टर आठही दिवे खुशाल पेटवतो. त्याच्या होकारावर कुणी फार विसंबू नये.)

चार नंबर म्हणजे निळी तार. आता ही एक तार गेल्याने ३०० च्या प्लॅनवर ९४ का मिळतात, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. १०० एमबीपीएसच्या लिंकला, म्हणजे दोन यंत्रांमधल्या जोडणीला, दोनच जोड्या पुरतात, प्लगमधल्या पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या लिंकला, चारही लागतात. गंमत अशी की दोन्ही टोकांची यंत्रं कुठल्या वेगाने बोलायचं हे आधी १-२ आणि ३-६ वरच ठरवतात. तिथे सगळं आलबेल, म्हणून गिगाबिट ठरतं; प्रत्यक्ष जोडायला जातात तर निळी जोडी साथ देत नाही, मग बरीचशी यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. लाल दिवा नाही, तक्रार नाही. काही यंत्रं उतरत नाहीत, नुसती लिंक तुटते-जुळते. त्या १०० मधून डेटाच्या पॅकेटांवरच्या वेष्टनाचा खर्च वजा केला की हातात ९४-९५ उरतात.

म्हणून तुम्ही आल्या आल्या विचारलेला प्रश्न मोलाचा होता: "आकडा सकाळी किती, रात्री नऊला किती?" दोन्ही वेळा ९४. कंपनीकडे गर्दी असती तर रात्री आकडा पडला असता आणि पहाटे वर आला असता. जो आकडा तासन् तास ९४ वर खिळून बसतो, तो घरातल्याच १०० च्या लिंकचा असतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्या केबलला लॅपटॉप जोडून त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० आहे की १००/१००, एवढं वाचलं तरी पुरे.

आधीच्यांनी काय काय सांगितलं, त्याची यादी करत नाही. राउटर बंद करून चालू करा, हे तर आता आईला पाठ आहे. एकाने मोबाइलवर वायफायचा वेग मोजून वायरचं निदान केलं. एकाने समुद्राच्या हवेला हात जोडले, इकडे असंच चालायचं. आणि एकाने नवा राउटर गळ्यात मारला. विहिरीत पाणी आहे का ते न बघताच पंप बदलण्यातला प्रकार. तुम्ही आधी ओएनटीलाच (फायबर घरात येऊन जिथे संपतं तो कंपनीचा डबा) स्वतःजवळची एक मीटरची, खात्रीची पॅच कॉर्ड, म्हणजे तयार प्लगची छोटी केबल लावलीत. तिथे पूर्ण ३०० मिळाले. फायबर निर्दोष, कंपनी निर्दोष (हे म्हणताना मला थोडा त्रास झाला). ओएनटीच्या मागच्या चार पोर्टांत एकच गिगाबिट आहे, बाकीची तीन १०० चीच, हेही तेव्हाच दाखवलंत. अशा डब्यात नुसतं पोर्ट चुकलं तरी नेमका हाच ९४ दिसतो.

समुद्राच्या हवेचं मात्र अगदीच खोटं नव्हतं, फक्त तिथे हात जोडायचे नसतात. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये घाईत ओढलेली ती पांढरी केबल घराच्या आत वापरायच्या जातीची होती, पीव्हीसीच्या आवरणाची. उन्हाने आवरण तडकलं. मध्येच कमी पडली म्हणून दोन प्लग आणि एक कपलर घालून जोड दिलेला, तोही बरोबर पागोळीखाली. तुम्ही प्लग कापून ब्लेडने तार खरवडलीत तेव्हा वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम निघालं. प्लगची पाती तारेच्या आवरणात घुसतात तेव्हा तो पातळ मुलामाही चिरतात. मग तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारा ओलावा: दोन वेगळे धातू आणि मीठपाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम आधी झिजतं. प्लगमधली ती पांढरी भुकटी तीच. पातीवरचा हिरवा थर तांब्याचा. किनाऱ्यावर असली मुलाम्याची केबल बाहेर वापरूच नये. अस्सल तांब्याची महाग पडते, पण एकदाच पडते.

तुम्ही टाकलेली केबल काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, अस्सल तांब्याची, कॅट ६ दर्जाची, ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत एकसंध. बाहेर एकही जोड नाही. दोन्ही टोकं घरात, भिंतीवरच्या बॉक्समध्ये, आणि तिथून पुढे पॅच कॉर्ड. तारांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडला नाहीत. पंपाची वायर आडवी आली तिथे तिच्या बाजूने न धावता काटकोनात ओलांडलीत. भोक आतून बाहेर उतरतं पाडलंत, आणि केबल भोकाच्या खालपर्यंत नेऊन परत वर वळवलीत, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकतं, भिंतीत शिरत नाही. पावसाळा तोंडावर असताना हा वळसा न ठेवणारे किती जण आहेत, ते कुठल्याही वाडीतून चक्कर मारली तरी दिसतं.

बागेतल्या सुट्या खोलीचं विचारलं तर तुम्ही काम वाढवून घेतलं नाहीत. "तिकडे तांबं नको, फायबर टाका, वीज जवळ पडली तर तांब्यातून दोन्हीकडची पोर्टं जातात," म्हणालात, आणि ते काम तुम्ही करत नाही हेही सांगून टाकलंत. आपल्याला काय येत नाही ते सांगणारा कारागीर भेटला की उरलेल्या कामावर आपोआप भरवसा बसतो. इकडे अशी माणसं अजून आहेत. मोटार जळली नाही, नुसता कपॅसिटर गेलाय असं सांगून रिवाइंडिंगच्या पैशांवर पाणी सोडणारी. त्यांची जाहिरात कुठे लागत नाही. लोक एकमेकांना नंबर देतात, तेवढंच.

आता लिंक १००० ची आहे आणि आकडा ३०० च्या आसपास असतो. आईने कापलेला प्लग बरणीत ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चौथी पिन दाखवते. परिणाम असा की शेजारच्या काकांनी आपल्या पागोळीखाली डोकावून पाहिलं. तीच पांढरी केबल, तसाच कपलर, आकडा ९४. त्यांच्या ओटीपासून माडीपर्यंत भिंतीकडेने मोजलं तर २८ मीटर भरतात, टोकांना वाढीव धरून ३२ घेऊन या. शिडी आमच्याकडे आहे. टेस्टरचा दुसरा तुकडा कोण धरणार, ते आईने आधीच ठरवून टाकलंय.