घट्ट तेल पाण्यावर का तरंगतं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू लेकीचा प्रश्न सांगितलास ना, की तेल पाण्यापेक्षा एवढं घट्ट, मग ते वर कसं तरंगतं, आणि तू "त्याची घनता कमी असते" म्हणून मोकळा झालास तर ती म्हणाली, घनता कमी मग घट्ट का दिसतं? अरे, पोरीने बरोब्बर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय! तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायलाच बसलो.

अर्धा घोळ शब्दाचाच आहे. घनता आणि घट्टपणा कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण दोघांचा काही संबंध नाही. घट्टपणा म्हणजे द्रव वाहताना किती अडून बसतो, पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. घनता म्हणजे ठरलेल्या जागेत किती वस्तुमान मावलंय. पारा बघ, पाण्यासारखा पटकन पळतो, पण पाण्याच्या १३.६ पट जड. ग्लिसरीन घट्टही आणि जडही. तेल घट्ट, पण हलकं.

काल रात्री काट्यावर रिकामी बाटली ठेवून काटा झिरो केला आणि १०० मिलीच्या तीन सारख्या बाटल्या एकेक करून मोजल्या. पाणी १००, तेल ९२, ग्लिसरीन १२६ ग्रॅम. बाटली तीच, रेषा तीच, आणि आकडे बघ किती लांब लांब. शाळेत "वस्तुमान भागिले आकारमान" घोकलं होतं आपण, पण हातात दोन बाटल्या धरून फरक जाणवला तेव्हा ते सूत्र मला पहिल्यांदा खरं वाटलं.

आता का, ते सांगतो, मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. आपल्याला वाटतं की ज्याचे रेणू जड तो द्रव जड, हो ना? तर तेलाचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूपेक्षा जवळपास ४९ पट जड असतो. ४९ पट! पण तो जागा किती खातो, तर पाण्याचे साधारण ५३ रेणू आरामात बसतील एवढी. म्हणजे ५३ ची जागा अडवून वजन फक्त ४९ चं देतो, आणि ४९ भागिले ५३ कर, ०.९२ च्या आसपास येतं, काट्याने दाखवलं तेच. मी हा हिशोब कागदावर मांडला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. तेलात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब लांब साखळ्या असतात, पाण्याच्या वजनात मात्र मोठा वाटा ऑक्सिजनचा, जो कार्बनपेक्षा जड. आणि गंमत म्हणजे त्याच लांब साखळ्या एकमेकींत अडकतात, सहज घसरत नाहीत, म्हणून तेल घट्टही वाटतं. लेकीच्या दोन्ही प्रश्नांची मुळं त्या साखळीतच आहेत.

म्हणजे बघायच्या गोष्टी दोन, एकेक कण किती जड आणि किती कण मावतात. जड पाणी ऐकलंयस ना, त्यात हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम असतो, रेणूचा आकार जवळपास तोच पण वजन २०, साध्या पाण्याचं १८. त्यामुळे ते सुमारे ११ टक्के जड भरतं, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो.

अजून एक, लेकीला हे नक्की सांग, न मिसळणं वेगळं आणि तरंगणं वेगळं. तेल पाण्यात मिसळत नाही कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि तेलाला मध्ये घेत नाहीत. पण वर कोण आणि खाली कोण, हे घनता ठरवते. शुद्ध अल्कोहोलची घनता ०.७९, म्हणजे तेलाहूनही कमी, तरी ते पाण्यात पूर्ण मिसळतं.

यावरून १९व्या शतकात जोसेफ प्लाटो नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला होता, तो मी आज करून पाहिला. ग्लासात मेडिकलमधलं स्पिरिट, म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच, घेतलं (आसपास गॅस, काडेपेटी काही नको, हे लेकीसोबत करताना लक्षात ठेव) आणि ड्रॉपरने तेलाचा एक थेंब सोडला. थेंब थेट तळाला गेला आणि तिथे चपटा होऊन बसला, तेल बुडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग चमच्याने थोडं थोडं पाणी घालत गेलो, हळूच ढवळत, पाणी मिसळताना ग्लासात उन्हाळ्यातल्या रस्त्यावर दिसतात तशा लहरी दिसत होत्या. बराच वेळ काही नाही, आणि एका चमच्याला थेंब तळ सोडून उठला, गोल झाला, अगदी गोटीसारखा, आणि ग्लासाच्या मध्यावर थांबला. वर नाही, खाली नाही, कारण तेव्हा मिश्रणाची घनता तेलाएवढीच झाली होती. अजून अर्धा चमचा पाणी घातल्यावर सावकाश वर निघाला.

तू आलास की लेकीलाही घेऊन ये, स्पिरिट उरलंय, ड्रॉपर तिच्या हातात देऊ.

तुझाच