ब्रँडनचे फाटक कोण उघडणार? ब्रिटनच्या क्रीडामंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन.

मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. कॉव्हेंट्रीच्या बंद पडलेल्या ब्रँडन स्टेडियमबद्दल आणि एकूणच या देशातील स्पीडवे या मोटारसायकल शर्यतींच्या खेळाबद्दल मी एका सरकारी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. उत्तर अत्यंत सभ्य आहे. पहिल्या परिच्छेदात माझे आभार मानले आहेत, दुसऱ्यात हा विषय स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या अखत्यारीतला असल्याचे कळवले आहे, आणि तिसऱ्यात मोटार शर्यतींना सरकारचा भक्कम पाठिंबा असून फॉर्म्युला वनची शर्यत 2034 पर्यंत सिल्व्हरस्टोनलाच होणार असल्याची आनंदाची बातमी दिली आहे. मी विचारले काय आणि मला सांगितले काय! ज्या अधिकाऱ्याने हे उत्तर लिहिले त्याला स्पीडवे म्हणजे काय हेच ठाऊक नसावे, असे समजून मी हे पत्र आता थेट आपल्याला लिहीत आहे. इंग्रजी प्रत टपालाने रवाना केली आहे. मराठीतून लिहिण्याचे कारण असे की, कॉव्हेंट्री, लेस्टर, वुल्व्हरहॅम्प्टन या भागात मोटारींच्या धंद्यात असलेली बरीच मराठी मंडळी राहतात, आणि आपल्या घरापासून दहा मैलांवर काय बुडाले आहे हे त्यांनाही कळावे.

स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतो. एकच गिअर, पाचशे सीसीचे एकच सिलिंडर, इंधन मेथॅनॉल. दगडाच्या भुशाच्या अंडाकृती ट्रॅकवर चार रायडर चार फेऱ्या मारतात आणि अशी एक शर्यत, म्हणजे हीट, साधारण मिनिटभरात संपते. वळणावर गाडी आडवी घसरवत न्यायची असते. त्यासाठी डाव्या बुटावर पोलादी तळ चढवलेला असतो. पहिल्या वळणावरच्या कठड्याशी उभे राहिले की चहाच्या कपात भुसा पडतो, नाकात जळलेल्या तेलाचा वास भरतो आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या चौकटीत 3, 2, 1, 0 असे गुण पेनाने भरेपर्यंत पुढच्या हीटचे रायडर फीत उचलली जाण्याची वाट पाहत उभे असतात. फॉर्म्युला वनच्या तिकिटाचे पैसे ज्यांच्याकडे कधीच नव्हते, त्या कामगार कुटुंबांचा हा खेळ आहे. म्हणूनच कदाचित आपल्या कार्यालयांच्या फायलींत तो सापडत नाही.

एपिंगच्या जंगलातील हाय बीच येथे 19 फेब्रुवारी 1928 रोजी झालेल्या शर्यतीपासून ब्रिटिश स्पीडवेची गणना सामान्यतः सुरू करतात. 1981 मध्ये वेम्बलीवरची शेवटची जागतिक अंतिम फेरी पाहायला नव्वद हजारांवर माणसे आली होती. त्या लंडनमध्ये 2005 साली विम्बल्डनचा संघ बंद पडल्यापासून व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. प्लाउ लेनच्या त्या जागेवर आज फुटबॉलचे स्टेडियम आणि सदनिका आहेत. स्पीडवेच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतली ब्रिटिश ग्रां प्री 2001 पासून कार्डिफच्या प्रचंड स्टेडियमवर होत असे, ती 2025 मध्ये मँचेस्टरच्या काही हजारांच्या स्टेडियमवर आली. त्याच वर्षी देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये संघ होते सात. लीग म्हणायची तरी कशाला?

पण खेळ मेला तो लोकांना नकोसा झाला म्हणून, हे जे आपल्याला कुणी सांगितले असेल, ते आधी खोडून काढतो. स्विंडनचा संघ 2019 मध्ये लीगविजेता होता आणि त्यानंतर त्याने एकही हंगाम खेळलेला नाही. पीटरबरो 2021 मध्ये विजेता ठरला आणि 2023 नंतर त्याचे शोग्राउंड गेले. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 1928 पासून मॉनमोर ग्रीनवर शर्यती होत होत्या. ग्रेहाउंडच्या शर्यतींसाठी मालकांना जागा हवी होती, म्हणून 2023 नंतर तिथेही पूर्णविराम. त्यात राय हाउस, लेकसाइड, ईस्टबोर्न आणि न्यूकॅसल मिळवा, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांतली पडझड मोजायला एका हाताची बोटे पुरत नाहीत. यातल्या काहींनी मैदानावर करंडक उचलला आणि मैदानाबाहेर भाडेकरार गमावला. विजेत्याला बेघर करणारा दुसरा कोणता खेळ या देशात आहे, ते मला कळवावे.

आता आमच्या ब्रँडनकडे येतो. तिथला स्पीडवे 1928 पासूनचा, आणि कॉव्हेंट्री बीज हा तिथला संघ. 2005, 2007 आणि 2010 मध्ये तो लीगविजेता होता. 2007 मध्ये आमच्याच ख्रिस हॅरिसने कार्डिफची ग्रां प्री जिंकली, तेव्हा पुढच्या सोमवारी आमच्या कारखान्यात कुणाचेही कामात लक्ष नव्हते. 2016 च्या हंगामानंतर स्टेडियमचे फाटक बंद झाले ते आजतागायत. संघ 2018 मध्ये लेस्टरच्या ट्रॅकवर पाहुण्यासारखा खेळला आणि मग तेही थांबले. गंमत पाहा, नाव कॉव्हेंट्रीचे, प्रेक्षक कॉव्हेंट्रीचे, पण स्टेडियम रग्बी नगरपालिकेच्या हद्दीत, त्यामुळे या शहराच्या वारशाचा निर्णय शेजारच्या नगरपालिकेच्या टेबलावर. त्या नगरपालिकेला दोष देण्याचे मात्र कारण नाही, कारण सव्वाशेच्या आसपास घरांचा प्रस्ताव तिने 2022 मध्ये फेटाळला आणि त्यावरचे अपील सार्वजनिक चौकशीनंतर नियोजन निरीक्षकांनीही फेटाळले. आम्ही जिंकलो. आणि जिंकून मिळाले काय? जाळपोळीने काळवंडलेले, मोडून पडलेले स्टँड, वाढलेले रान आणि कुलूप.

मंत्रिमहोदय, माझे सारे म्हणणे या एका ठिकाणी आहे. आपला नियोजन कायदा घरे बांधू नका म्हणू शकतो, पण शर्यत लावा म्हणू शकत नाही. मालकाने काहीही न करता नुसते बसून राहायचे, छत गळू द्यायचे, पोरांना काचा फोडू द्यायच्या आणि पुढच्या अर्जात लिहायचे की ही जागा क्रीडेसाठी निरुपयोगी झाली आहे. त्याला घाई नसते. स्पीडवेला असते, कारण एक पिढी कठड्याशी उभी राहिली नाही की पुढची पिढी फाटक उघडल्यावरही येत नाही.

हिशेब माझा कच्चा आहे, पण आपल्या खात्याने पक्का केल्याचे कानावर नाही, म्हणून मांडतो. सव्वाशे घरांना प्रत्येकी तीन लाख पौंड धरले तर पावणेचार कोटी होतात. उलट एका रात्री दीड हजार प्रेक्षक, वीस पौंड तिकीट आणि वर्षाला पंचवीस सामने धरले, तर वर्षाचा गल्ला साडेसात लाख. म्हणजे घरांच्या विक्रीची बरोबरी करायला स्पीडवेला पन्नास वर्षे लागतील, तीही एकाही रायडरला, ट्रॅक्टरवाल्याला किंवा रुग्णवाहिकेला दमडी न देता. जमिनीचा भाव घरांच्या हिशेबाने ठरत राहिला तर कोणताही क्लब आपले मैदान विकत घेऊ शकणार नाही, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

माझे स्वतःचे काय गेले, हे आपण विचारणार नाही, तरी सांगतो. मी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा कचेरीत माझ्याशी सगळे फार नम्रपणे बोलत आणि पाच वाजता निघून जात. माणसे मला ब्रँडनच्या शुक्रवारी भेटली. कार्यक्रमपत्रिकेत गुण कसे भरायचे हे मला एका निवृत्त फिटरने शिकवले, पाऊस आला की स्वतःच्या पाठीआड पत्रिका धरून. माझी मुलगी बोलायला लागली ती पिवळा-काळा स्कार्फ घालून. फाटक बंद झाले आणि ती माणसे एकमेकांना भेटायची जागाच उरली नाही. काहींच्या निधनाची बातमी मला सहा-सहा महिन्यांनी कळली. आता मी गुरुवारी लेस्टरला जातो, सोमवारी जमले तर एम-सिक्सवरची कोंडी सोसत मँचेस्टर गाठतो, आणि गुडघे दुखतात म्हणून बसून पाहतो. ‘एकाकीपणा’ या विषयावर आपल्या सरकारची पत्रके दवाखान्यात ठेवलेली असतात. फार सुंदर छपाई असते.

आवाजाचा मुद्दा निघेलच. मिल्डेनहॉलचे स्पीडवे स्टेडियम 1970 च्या दशकातले. 2006 मध्ये एका दांपत्याने तिथून किलोमीटरभराच्या आत घर घेतले, आवाजाची तक्रार केली आणि 2014 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला; आधीपासून कोण होते, हा बचाव ग्राह्य धरला नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, आणि आमच्या खेडचे घाट ओस पडले. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता आणि आहे, ते मी नाकारत नाही. पण पुढे काय झाले पाहा. 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. मतांसाठी केले म्हणा हवे तर. पण घाटावरच्या माणसाला निदान मत आहे, एवढे तिथल्या पुढाऱ्यांना ठाऊक होते. इथे 2018 पासून नियोजन धोरणात असे म्हटले आहे खरे की, नव्याने घरे बांधणाऱ्यानेच आवाजाची सोय पाहावी. परंतु ते चालू मैदानासाठी. दहा वर्षे गप्प केलेले मैदान पुन्हा सुरू करायचे म्हटले की त्याचा आवाज नवा ठरवायला वकील तयारच असतात.

आणि सरकारला काही करता येत नाही, हे तर मला सांगूच नये. फुटबॉलसाठी आपण 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, आणि त्याच्या मंजुरीवाचून क्लबला मैदान विकता येणार नाही अशी तजवीज केली. नाट्यगृह पाडायचे असेल तर 1976 च्या कायद्याने स्थापन झालेल्या थिएटर्स ट्रस्टला विचारावे लागते. खेळाच्या गवताळ मैदानांसाठी स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडासंस्थेचा सल्ला घ्यावा लागतो, आणि 2025 मध्ये आपल्याच सरकारने हे दोन्ही सल्ले बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे जे आम्हाला कधी मिळालेच नाही ते इतरांकडूनही काढून घेऊन समता आणायची, असे दिसते. स्पीडवेच्या ट्रॅकवर गवत नसते, एवढाच त्याचा गुन्हा.

होऊ शकते, हेही दिसलेले आहे. मँचेस्टर नगरपालिकेने बेल व्ह्यू येथे राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम बांधले. 2016 मध्ये उद्घाटनाच्याच रात्री ट्रॅक खराब निघाला आणि सामना रद्द करावा लागला, सगळा देश हसला. पण स्टेडियम उभे आहे आणि ग्रां प्री आज तिथे होते. लेस्टरच्या ब्लॅकबर्ड रोडवर 1983 नंतर घरे झाली, तरी 2011 मध्ये शहरात नवा ट्रॅक आला. ऑक्सफर्डचे स्टेडियम दहाएक वर्षे बंद राहून 2022 मध्ये पुन्हा उघडले. पोलंडमध्ये तर टोरुन शहराने 2009 मध्ये छताखाली बसायची सोय असलेला मोटोअरेना उभारला. पगार तिकडे, गर्दी तिकडे, आणि सहा जागतिक किताब जिंकलेला बार्तोश झ्मार्झलिकही तिकडचाच. आमच्या ताय वॉफिन्डेनने 2013, 2015 आणि 2018 मध्ये जग जिंकले, पण बसस्टॉपवर उभ्या असलेल्या दहा माणसांना त्याचे नाव विचारून पाहा.

आमच्या प्रोमोटर मंडळींची, म्हणजे संघ चालवणाऱ्यांची, बाजू मी घेणार नाही. एकच रायडर दोन लीगमध्ये दोन संघांकडून खेळतो, आयत्या वेळी दुसऱ्या संघाचा ‘पाहुणा’ उसना आणला जातो, आणि वेळापत्रक पोलंडच्या तारखा पाहून ठरते. अशाने नवा प्रेक्षक संभ्रमात पडतो आणि जुना वैतागतो. पण ज्याला पुढच्या वर्षी जागा असेल की नाही हे ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांचा विचार कोणत्या भरवशावर करायचा? या देशात आता कोणतीही सार्वजनिक जागा वाचवायची म्हटली की नागरिकांनी रात्रीचा दिवस करायचा, अहवाल लिहायचे, वर्गणी काढायची, आणि समोर पगारी सल्लागारांची फौज. बर्मिंगहॅमसारख्या महापालिकेने 2023 मध्ये दिवाळे निघाल्यात जमा असल्याची नोटीस काढली. तिच्याकडे नवे स्टेडियम मागायला कोणत्या तोंडाने जायचे? वर दिल्लीपतीप्रमाणे आपण सांगणार की, विषय स्थानिक आहे.

2028 मध्ये हाय बीचला शंभर वर्षे होतील. त्या वेळी आपल्या खात्याकडून शुभेच्छांचे निवेदन येईल, याविषयी मला शंका नाही. त्याऐवजी हे करावे. आज 2011 च्या कायद्याखाली स्टेडियम ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते आणि विक्री निघाली तर सहा महिने थांबवता येते, पण मालकाने विकायचेच नाही ठरवले तर ती नोंद भिंतीवर लावण्यापुरती उरते. 2025 मध्ये मांडलेल्या विधेयकात सहाचे बारा महिने, खरेदीचा पहिला हक्क आणि क्रीडांगणांना वेगळा दर्जा अशी भाषा आहे. त्यात मोटारसायकल शर्यतींचे ट्रॅक नावानिशी घालावेत, चालू असलेले आणि मालकांनी बंद पाडलेले दोन्ही. किंमत ठरवताना ती जागा स्टेडियम म्हणून धरावी, न बांधलेल्या घरांच्या भावाने नव्हे. आणि पर्यायी ट्रॅकवर पहिली हीट झाल्याशिवाय जुन्या ट्रॅकवर बुलडोझर जाऊ नये. यातले काहीच जमणार नसेल तर तसे स्पष्ट लिहून छापावे, म्हणजे पुढच्या अपिलासाठी वकिलाची वर्गणी काढायची की नाही, हे आम्हा ब्रँडनवाल्यांना ठरवता येईल.

आपला,
कॉव्हेंट्रीचा एक करदाता