नवरात्राआधीचं पत्र

दादर, मुंबई
भाद्रपद वद्य द्वादशी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल ऑफिस सुटल्यावर मंडईत शिरले. भाजीवाल्या मावशींनी कोयत्याने लाल भोपळ्याची फोड काढून दिली. आत शेंदरी रंग, दोऱ्यांना लोंबणाऱ्या बिया आणि आपल्या पडवीत यायचा तोच ओला, गोडसर वास. बाबा परवा फोनवर म्हणाले होते, "मांडवावर सात धरलेत, वाटून टाकतो." वाटा, पण तीन तरी घरात ठेवा.

आई, हे तुझ्या नवरात्रासाठी लिहितेय. मागच्या वर्षी सातव्या माळेला तू देवघरासमोर घेरी येऊन पडलीस आणि मला तीन दिवसांनी कळलं. ते अजून मनातून जात नाही. उपवास सोड, असं मी म्हणणार नाही. पण नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि चहा, यावर तुझ्या वयात शरीर कसं तग धरणार? कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅममागे सुमारे 87 ग्रॅम पिष्टच असतं, प्रथिनं नावालाच. त्यात आश्विनातलं ऊन आणि तुझं पित्त.

लाल भोपळा आपल्याकडे उपवासाला चालतो. त्याचं भरीत कर. फोडी पाण्यात न शिजवता वाफवून घे, गार झाल्या की कुस्कर. त्यात दही, दाण्याचं कूट, मिरची आणि सैंधव घाल, वरून तुपात जिऱ्याची फोडणी. तूप वगळू नकोस. भोपळ्याला रंग देणारं बीटा कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. डोळ्यांना, त्वचेला, रोगाशी झगडायला ते लागतं. शिवाय भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आहे. दही आणि कुटातून थोडी प्रथिनंही पोटात जातील.

बाबा, साखर निघाल्यापासून तुम्ही भोपळा सोडलात, गोड म्हणून. 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात कर्बोदकं साधारण साडेसहा ग्रॅम असतात. वाटीभर भाजी तुम्हाला चालेल, फक्त आई गूळ घालते तो नको, मेथीदाण्याची फोडणी पुरे. घारगे मात्र नाहीत. दशमीला एक देईन, तेवढाच. भोपळ्यात पोटॅशियम बरंच असतं. बीपीला ते सहसा चांगलं, पण तुमच्या बीपीच्या काही गोळ्यांनी ते अंगात वाढतं आणि किडनी कमजोर असली तरी वाढतं. तेव्हा या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचाराच. आणि मोतीबिंदू भोपळ्याने उतरत नाही हो. त्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंच.

बिया फेकू नका. लहानपणी आई त्या सुपात वाळवायची आणि आम्ही दुपारभर सोलत बसायचो. मॅग्नेशियम, झिंक, प्रथिनं, सगळं आहे त्यात. मंद आचेवर भाजून रोज चमचा-दोन चमचे खा. दातांना सोसत नसतील तर कुटून भरतात घाला.

देठ वाळलेला आणि सालीत नख रुतत नाही असाच भोपळा साठवणीला ठेवा. तो सावलीत, वारा लागेल अशा जागी काही महिने टिकतो. चिरलेला मात्र चार दिवसांत संपवा. चिरल्यावर आधी एक तुकडा चाखून बघ, आई. कडू लागला तर सगळा टाकून दे, हळहळू नकोस. कडू भोपळ्याने उलट्या-जुलाब होतात.

घटस्थापनेच्या रात्री फोन करीन. काय खाल्लंस ते विचारणार आहे, आणि "खाल्लं गं काहीतरी" हे उत्तर घेणार नाही. अष्टमीला पहाटेच्या गाडीने निघतेय. सर्वांत मोठा भोपळा माळ्यावर तसाच राहू दे. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका, तो मी उतरवीन.

तुमची,
सुमी