दुसऱ्या फळीचा कप

आयर्लंड,
फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. "तिकडं गेलास म्हणजे प्रीमियर लीगचं काहीतरी सांगशील असं वाटलं होतं, आणि तू कॉलेजच्या पोरांच्या मॅचचे फोटो टाकतोयस, तेही हातात बॉल धरून पळणाऱ्या. ह्याला फुटबॉल म्हणायचं का?" म्हणायचं, लेका: हा गेलिक फुटबॉल, आणि फोटोतली मॅच कॉलेजांच्या दुसऱ्या फळीच्या कपाची, ट्रेंच कपाची. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तू जन्मभर घसा फोडलायस, त्यामुळं तुला हे इतरांपेक्षा लवकर कळेल. पण मला सगळं सविस्तर सांगायचंय, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी खेळ समजून घे. बाजूला पंधरा-पंधरा जण, चेंडू आपल्या फुटबॉलपेक्षा किंचित लहान, आणि गोलचे खांब इंग्रजी एचसारखे उभे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण. चेंडू हातात घेऊन चार पावलांपुढं पळता येत नाही. मग एकतर जमिनीवर टप्पा मारायचा, नाहीतर पायावर सोडून परत हातात उडवून घ्यायचा, ह्याला सोलो म्हणतात. टप्पा लागोपाठ दोनदा मारता येत नाही, म्हणून पायाचं काम यायलाच लागतं. समोरून एखादा आडदांड बॅक अंगावर येतोय आणि हा पठ्ठ्या पूर्ण वेगात पळता पळता स्वतःच्याच बुटावरून चेंडू झेलतोय, हे बघायला मजा येते. खांबांजवळ पांढरे कोट घातलेले अंपायर असतात. गुण झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला दोन गुण देतात, त्याला नारिंगी. इथल्या म्हाताऱ्यांना तो नारिंगी झेंडा अजून पचलेला नाही.

आता तुला आवडेल अशी गोष्ट. ह्या खेळात पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कात ब्याऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळलेला गडी दोन दिवसांनी शाळेत गणित शिकवायला उभा असतो, नाहीतर गाई पिळत असतो. आणि तुम्ही तुमच्या गावच्या क्लबकडूनच खेळायचं. पाटाकडील तालमीचा पोरगा चार पैसे जास्त मिळतात म्हणून दिलबहार तालमीकडं गेला तर पेठेत जे बोललं जाईल, तेच इथल्या प्रत्येक गावात बोललं जातं. गावाच्या वर काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, अशा बत्तीस. सगळा डोलारा गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा. ती १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजी अमलात इंग्रजी खेळ पसरत होते, तेव्हा आपले खेळ आपण जपायचे हा उद्देश. मायकल क्युसॅक हा शाळामास्तर त्यात पुढं होता.

ह्या जपण्याचा पुढं अतिरेकही झाला. असोसिएशनच्या सभासदानं क्रिकेट, रग्बी, सॉकर खेळायचं तर नाहीच, बघायलाही जायचं नाही, असा नियम होता. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस, असोसिएशनचे आश्रयदाते. १९३८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष या नात्यानं सॉकरचा आंतरराष्ट्रीय सामना बघायला गेले, तर ह्यांनी त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं! तुला तर फाशीच दिली असती. हा नियम १९७१ मध्ये उठला, आणि तो उठवणारं अधिवेशन भरलं होतं बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात.

कॉलेजांची गोष्ट मात्र एका डॉक्टरपासून सुरू होते. जॉर्ज सिगरसन. जन्म १८३६, टिरोन काउंटीत स्ट्रॅबेनजवळ. (भगिनी निवेदिता ह्याच काउंटीतल्या, डंगॅननच्या.) माणूस एका जन्मात मावेल असा नव्हता. मज्जासंस्थेच्या रोगांचा डॉक्टर, पॅरिसच्या शार्को ह्या नामांकित डॉक्टरची व्याख्यानं इंग्रजीत आणली, जुन्या आयरिश कवितांची भाषांतरं केली, वर डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापकी. १९११ मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेला असताना, त्यांनी आपल्या तिथल्या पगाराचे पैसे कॉलेजांच्या फुटबॉलला करंडक घ्यायला दिले. तोच सिगरसन कप. पुढच्याच वर्षी कॉर्कच्या एडविन फिट्झगिबन ह्या कॅप्युचिन पंथाच्या धर्मगुरूनं, तोही प्राध्यापकच, हर्लिंगसाठी, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या इथल्या दुसऱ्या खेळासाठी, कप दिला. आपल्याकडं प्राध्यापक आणि मैदान हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढं 'हजेरी' येते.

सुरुवातीला खेळायला तीनच कॉलेजं होती: डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे. १९०८ च्या कायद्यानं जे राष्ट्रीय विद्यापीठ झालं त्याची ही तीन अंगं. पहिला कप डब्लिननं नेला, आणि आजवर सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच नेलाय, तिसाहून अधिक. कितीतरी वर्षं हा घरातल्या घरात फिरणारा कप होता. बेलफास्टच्या क्वीन्सनं तो पहिल्यांदा १९५८ मध्ये जिंकला, तेव्हा कुठं तो सीमेपलीकडं, ब्रिटनकडं असलेल्या उत्तर आयर्लंडात गेला. दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, डाउन काउंटीनं अखिल आयर्लंडचा सॅम मॅग्वायर कप सीमेपलीकडं पहिल्यांदा नेला. मग पुढं डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आलं, मेनूथ आलं. मेनूथ म्हणजे धर्मगुरू घडवणारं सेमिनरी, आणि त्यांनी १९७६ मध्ये कप मारला.

तोवर ही स्पर्धा कशी होती, तर एका वीकेंडची. शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल, यजमान कॉलेजाच्या गावात सगळ्यांनी येऊन राहायचं. जोतिबाच्या यात्रेला जसं देवदर्शनापेक्षा सोबतीचं महत्त्व जास्त, तसंच. रविवारी सकाळी काहींची पावलं चारच काय, दोनही नीट पडत नसत, असं त्या काळचे लोक अभिमानानं सांगतात. आता तो प्रकार मोडला. सामने आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात होतात. शिस्त आली, फिटनेस आला, मजा कमी झाली, असं माझं इथल्या लोकांचं ऐकून झालेलं मत.

आणि आता मुद्द्याचं, म्हणजे दुसरी फळी कुठून आली. त्याचं उत्तर मैदानात नाही, शाळांत आहे. १९६६ मध्ये डोनो ओमॅली ह्या शिक्षणमंत्र्यानं माध्यमिक शिक्षण मोफत करायची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ते झालंही. गावोगावची पोरं दहावी-बारावीच्या पुढं यायला लागली. त्यांना डब्लिनला पाठवायची प्रत्येकाच्या बापाची ऐपत नव्हती. म्हणून १९७० मध्ये सरकारनं ॲथलोन, कार्लो, डंडॉक, स्लायगो आणि वॉटरफर्ड इथं प्रादेशिक तंत्रमहाविद्यालयं काढली. मागाहून लेटरकेनी, गॉलवे, कॉर्क, ट्रालीही आली. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकसारखंच वातावरण: वर्कशॉपचा ओव्हरऑल, घरून आणलेला डबा, शुक्रवारी दुपारी बस पकडून गावाकडं. पण गावाकडून येताना पोरांनी फुटबॉल बरोबर आणला. संघ वाढले. तीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठानं दोन हजारांच्या कॉलेजाला वीस-पंचवीस गुणांनी धुवायचं, ह्यात दोघांनाही काही मिळत नाही. मग पायऱ्या पडल्या: वर सिगरसन, त्याखाली ट्रेंच कप, त्याखाली आणखी एक-दोन. हर्लिंगचंही तसंच, फिट्झगिबनखाली रायन कप. मुलींचंही तसंच, ओकॉनर कपाखाली गाइल्स कप.

म्हणजे बघ, पायरी लागते ती बरीचशी कॉलेजाच्या आकारावरून. पोराच्या वकुबाशी तिचा संबंध नाही. नर्सिंग, शेती, इंजिनिअरिंग, जो कोर्स पाहिजे तो जिथं मिळाला तिथं पोरगा जातो. त्यामुळं ट्रेंचच्या संघात काउंटीकडून खेळणारा एखादा तारा आणि गावच्या क्लबात राखीव म्हणून बसणारा एखादा पोरगा एकाच ओळीत उभे असतात. सिगरसनमध्ये हे दृश्य आता दुर्मिळ झालंय, तिथं पंधराच्या पंधरा काउंटीचे. मला विचारशील तर ही मिसळ बघायलाच मी ट्रेंचच्या मॅचला जातो.

आणि लहान म्हणून कायमचं खाली राहायचं, असंही नाही. पश्चिम बेलफास्टमध्ये फॉल्स रोडवर सेंट मेरीज नावाचं शिक्षक घडवणारं कॉलेज आहे. पट सुमारे हजार. अरे, आपल्या कॉलेजात फक्त बीकॉमला एवढी पोरं होती! त्यांनी १९८९ मध्ये सिगरसन जिंकला. लोक म्हणाले, एकदा झालं, पुन्हा कसलं होतंय. २०१७ मध्ये पॅडी टॅली ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी तो परत जिंकला, आणि फायनलला समोर कोण, तर डब्लिनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. मेयो काउंटीतल्या बेकनच्या मैदानावर. मी तेव्हा इथं नव्हतो, पण आमच्या लॅबमधल्या टेक्निशियननं ती मॅच मला इतक्या वेळा सांगितलीय की आता मीच कुणाला तरी सांगेन.

ट्रालीचं तर विचारू नकोस. १९९७, ९८ आणि ९९, सलग तीनदा त्या तंत्रमहाविद्यालयानं सिगरसन उचलला. तिथं प्रशिक्षक होता व्हॅल अँड्र्यूज, आणि संघात गॉलवेचे पॉड्रिक जॉईस, मायकल डॉनेलन. हे दोघे १९९८ मध्ये आपल्या काउंटीकडून अखिल आयर्लंड जिंकले. त्याच ट्रालीत डोनेगलचा जिम मॅगिनेस खेळला, ज्यानं पुढं प्रशिक्षक म्हणून २०१२ मध्ये डोनेगलला सॅम मॅग्वायर मिळवून दिला. मग स्लायगोच्या कॉलेजानं २००२, २००४ आणि २००५ असे तीन मारले. जी कॉलेजं वर्कशॉपवाली म्हणून मोजली जात नव्हती, त्यांनी दहा वर्षांत सहा वेळा प्रोफेसरांचा कप नेला. आता ह्यातली बहुतेक एकत्र करून तंत्रविद्यापीठं केलीत. डब्लिनचं २०१९ ला झालं, बाकीची २०२१-२२ मध्ये. त्यामुळं कुठला संघ कोणाच्या नावानं खेळतो हे जुन्या लोकांना विचारलं की ते कॉलेजाचं जुनंच नाव सांगतात.

परवाची मॅच सांगतो. संध्याकाळी सात, आडवा पाऊस, कॉलेजच्या मागचं मैदान. बघे मोजून साठ-सत्तर, त्यात निम्मे आईबाप. एक बाई गाडीचा डिकीचा दरवाजा वर करून त्याच्या आडोशाला थर्मास घेऊन उभी होती आणि पंचाला त्याच्या पहिल्या नावानं शिव्या घालत होती. आमच्याकडचा एक पोरगा, शेवटच्या वर्षाचा, माझ्याकडं वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलला असतो. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. मैदानात मात्र सगळ्या डिफेन्सला ओरडून जागेवर आणत होता. शेवटची पाच मिनिटं राहिली, दोन गुणांनी मागं होतो. चेंडू त्याच्याकडं आला, कमानीच्या बाहेर. सगळ्यांना वाटलं हा पुढं पास देणार. त्यानं एक सोलो घेतला, मान वर केली आणि तिथूनच मारला. वारा डावीकडून होता, चेंडू आधी बाहेर गेला आणि मग आत वळला. अंपायरनं वाकून नारिंगी झेंडा उचलला, तर त्या थर्मासवाल्या बाईनं मलाच मिठी मारली. बरोबरी! जादा वेळेत मात्र हरलो, चार गुणांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रॅक्टिकलला तो हजर, गुडघ्यावर हे एवढं खरचटलेलं, आणि परत तोंडातून शब्द नाही.

ह्या पोरांचं एक दुखणं आहे. कॉलेजचा मोसम ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हाच काउंटीचा सराव आणि लीग सुरू होते. काउंटीचा मॅनेजर म्हणतो ये, कॉलेजचा म्हणतो ये, गावचा क्लब म्हणतो आम्ही तुला लहानाचा मोठा केला. एकोणीस-वीस वर्षांचं पोर मंगळवारी एकीकडं, बुधवारी दुसरीकडं, आणि गुरुवारी असाइनमेंट. ह्यावर इथं दर वर्षी चर्चा होते, तारखा इकडच्या तिकडं होतात, आणि पोरं तशीच पळत राहतात. माझं म्हणणं, काउंटीनं ते दोन महिने हात आखडता घ्यावा. काउंटी त्याला दहा वर्षं मिळणार आहे, कॉलेज तीनच. पण माझं कोण ऐकतंय, मी वेल्डिंगवाला.

तू जूनमध्ये येणार म्हणतोयस, तर जूनऐवजी जानेवारीत ये. थंडी आहे, पाऊस आहे, कबूल. पण जूनमध्ये कॉलेजं बंद, आणि तुला क्रोक पार्क दाखवून मी परत पाठवेन तो फक्त टुरिस्ट म्हणून. वहिनींना सांग, स्वेटर मी देतो. येताना खंडोबा तालमीचा की प्रॅक्टिस क्लबचा, ज्याचा मिळेल त्याचा एक टी-शर्ट घेऊन ये, त्या पोराला द्यायचाय. साइज एल. काका-काकूंना नमस्कार, आणि आपल्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचं गुणपत्रक पाठवायला विसरू नकोस.

तुझा,
पम्या