नोटेखालची ओळ पूर्ण हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील पहिल्या कागदी नोटांवरील लेख वाचला. हा विषय मराठीत क्वचितच येतो, त्यामुळे लेखाचा आनंद झाला. मात्र सोबतच्या छायाचित्राखाली ‘स्वीडनची पहिली नोट, १६६१’ एवढेच छापले आहे, आणि छायाचित्रातली नोट १६६६ ची आहे. तसे सन तिच्यावरच छापलेले आहे.

योहान पाल्मस्ट्रुक यांच्या स्टॉकहोल्म्स बँको या बँकेने १६६१ मध्ये नोटा काढल्या हे खरे. त्या काळी स्वीडनमध्ये तांब्याचे चौकोनी पत्रेही नाणे म्हणून चालत आणि १० डालरचा (डालर हे तेव्हाचे स्वीडिश चलन) पत्रा १९ किलोहून जड असे, तेव्हा कागदाचे स्वागत झाले यात नवल नाही. पण पहिल्या वर्षाची एकही नोट आज उपलब्ध नाही. संग्रहालयांत दिसतात त्या बहुतांशी १६६६ च्या, म्हणजे १०, २५, ५० आणि १०० डालरच्या. बँकेने तांब्याच्या साठ्यापेक्षा जास्त नोटा वाटल्या, १६६४ पर्यंत पैसे परत देणे तिला जमेना, आणि त्यानंतरची ही मालिका आहे. ती नीट पाहिली तर हे जाणवते: नोटेवर ना राजाचे चित्र ना देवतेचे, छापील मजकूर, शाईने हाताने केलेल्या अनेक सह्या, कागदात दाबलेल्या मोहोरा आणि उजेडात धरल्यावर दिसणारे ‘बँको’ हे जलचिन्ह. डळमळलेला विश्वास सावरण्यासाठीच इतकी खबरदारी घेतली असावी, असे मला वाटते. १६६१ असे लिहिले की हा सारा संदर्भच हरवतो.

नोटांच्या सूचीत देश, नोट काढणारी संस्था, दर्शनी मूल्य आणि सन यांवरून क्रमांक ठरतो, आणि सही किंवा छपाई बदलली की त्याच क्रमांकाला पुढचे अक्षर लागते. हे काही परदेशी खूळ नव्हे. आपल्याकडेही संग्राहक एकाच किमतीच्या नोटा गव्हर्नरांच्या सहीनुसार आणि क्रमांकाच्या चौकटीतील लहान इंग्रजी अक्षरानुसार वेगळ्या ठेवतात. एक रुपयाच्या नोटेवर तर गव्हर्नरांची नव्हे, वित्त सचिवांची सही असते, आणि जुन्या नोटेचा काळ पुष्कळदा त्या सहीवरूनच लावावा लागतो.

नागपुरात भरणाऱ्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनांतही ‘जुनी परदेशी नोट’ एवढ्याच चिठ्ठीवर भागवलेले मी पाहिले आहे. शाळकरी मुले वहीत उतरवून घेतात ती हीच चिठ्ठी. त्यामुळे आयोजकांनी प्रत्येक नोटेखाली निदान संस्था, मूल्य, सन, सही आणि सूची क्रमांक द्यावा, आणि आपणही छायाचित्राखालील सनाची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नोटसंग्राहक वाचक
धरमपेठ, नागपूर