हवा मारा, पण पंखा धरून

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

डेस्कटॉप तापतोय, पंखे घोंघावतात, मध्येच मशीन बंद पडते असे कोणी म्हटले की 'धूळ साचली असेल, ब्लोअर मार' हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे.

आधी शट डाउन, मग मागे एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद, मग वायर काढणे. त्यानंतर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला चार्ज उतरतो. धूळ घरभर उडू नये म्हणून कॅबिनेट मोकळ्या हवेत न्यावा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, कारण आपल्याला जाणवतही नाही एवढी स्थिर वीज चिप निकामी करायला पुरते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पंख्याकडे. झोताने फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करतो आणि ती उलट मदरबोर्डकडे जाऊन तिथला भाग जळू शकतो. नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त गरगरल्याने बेअरिंगही खराब होते. म्हणून पाते बोटाने धरून मगच हवा मारावी. पंखा भिंगरीसारखा फिरताना येणारा आवाज कित्येकांना 'साफ होतंय' याची खूण वाटतो. प्रत्यक्षात तो चुकतंय याची खूण आहे.

हवेचा डबा (दाबाखाली वायू भरलेला स्प्रे) सरळ धरावा, हलवू नये. १५-२० सेंमी अंतरावरून एक-दोन सेकंदांचे झोत पुरतात. डबा तिरका झाला की आतला द्रव बाहेर येतो आणि बोर्डवर बर्फासारखा थर जमतो. बऱ्याच डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे चालू मशीनवर तो कधीही मारू नये. इलेक्ट्रिक ब्लोअर आणखी लांबून, कमी वेगावर वापरावा. टायरचा कॉम्प्रेसर नकोच. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिक नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते, म्हणून तो उडालेली धूळ टिपायला बाहेर ठेवावा, बोर्डला लावू नये.

खरी धूळ दिसते तिथे नसतेच. प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्या यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसलेला असतो. वरून हवा मारली की तो आणखी आत ठासला जातो. पंखा सुटा होत असेल तर क्लिप किंवा चार स्क्रू काढून तो उचलावा, थर मऊ ब्रशने सैल करावा आणि हवा नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारावी. हीटसिंक मात्र विनाकारण उपटू नये. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असते; ती वाळली की काही सॉकेटांतून प्रोसेसरच त्याला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. काढलाच, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी लागते.

एसएमपीएस कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. बाहेरच्या जाळीतून थोडी हवा मारली की पुरे. रॅमची टोके खोडरबराने घासण्याची सवयही सोडावी. त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. कॅबिनेटच्या जाळ्या पाण्याने धुतल्या तरी चालतात, पण पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय बसवू नयेत.

कॅबिनेट बंद करण्यापूर्वी मशीन एकदा सुरू करून सगळे पंखे फिरतात का आणि कुठली वायर पात्याला लागते का ते पाहावे. साफसफाईच्या आधी आणि नंतर, सारख्याच लोडवर, प्रोसेसरचे तापमान टिपून ठेवावे. एवढे करूनही ते ९० अंशांच्या पुढेच राहत असेल, तर पुन्हा हवा मारण्यात अर्थ नाही. तेव्हा पेस्ट वाळली आहे का, हीटसिंकची एखादी बाजू सैल आहे का, हे तपासावे.

आपला,
संगणक दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक