आजाऱ्यांची वेगळी चूल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा यॉर्कशरमधल्या फाउंटन्स ॲबीला जाऊन आले. मध्ययुगीन ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. ११३२ साली यॉर्कच्या मठातली सैल शिस्त न पटलेले तेरा साधू स्केल नदीच्या या खोऱ्यात आले आणि पुढे सिस्टर्शियन या कडक शिस्तीच्या पंथाला मिळाले. न रंगवलेल्या लोकरीचे कपडे, मौन, मध्यरात्री उठून प्रार्थना, मांस वर्ज्य. पुढे मेंढ्यांच्या लोकरीवर मठ गडगंज झाला. १५३९ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या काळात तो बंद झाला, छपराचं शिसंसुद्धा काढून नेलं.

बाबा, कोठार तुम्ही बघायलाच हवं होतं. लांबी सुमारे नव्वद मीटर, मधोमध खांबांची एकच रांग. प्रत्येक खांबातून दगडी फासळ्या निघून छताला भिडतात, आणि ते छत आजही शाबूत आहे. शेवटच्या टोकाला तर खालून नदी वाहते. मी बराच वेळ नुसती वर बघत होते.

पण पत्र लिहितेय ते आजाऱ्यांच्या इमारतीमुळे. तिचे आता जेमतेम पाये उरलेत, लोक तिथे फारसे थांबत नाहीत. जागा पुरेना, तर या लोकांनी नदीवर दगडी बोगदे बांधले आणि त्यांवर आजारी नि थकलेल्या साधूंसाठी मोठं दालन उभं केलं. त्याला स्वतंत्र स्वयंपाकघर. एरवी शेकायला मठात एकच खोली, इथे मात्र ऊब होती. अशक्तांना मांस चालत असे. हे साधू पाळत त्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतच लिहिलंय, म्हाताऱ्यांना आणि मुलांना जेवणाच्या वेळेआधी खायला द्यावं. इतके कडक लोक, पण ही सवलत कुणी मागायची नव्हती, ती नियमातच होती.

आई, तुझी शुगर माहीत असूनही तू चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहतेस, त्याची मला फार काळजी वाटते. गोळी घेतेस तर आधी दोन घास खा. गणपती रागावणार नाही गं. आणि बाबा, गुडघे इतके दुखत असताना भारतीय संडासाचा हट्ट कशाला? फोनवर विषय काढला की तुम्ही दोघं दुसरंच बोलायला लागता, म्हणून सगळं लिहून कळवतेय.

कमोड बसवायला बुधवारी माणूस येईल. पैसे मी दिलेत. त्याला परत पाठवू नका.

तुमची,
धाकटी